आधी बैल, मग आपण

तान्हा पोळा जवळ आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना पडते. सायंकाळी क्लब हाऊससमोर जमावे, मुलांनी पारंपरिक वेशात यावे, उत्कृष्ट सजावट आणि उत्कृष्ट वेशभूषा अशी दोन बक्षिसे, परीक्षकांचा निर्णय अंतिम. मग आठवडाभर आयांची धावपळ. लहान मापाचं धोतर शोधायचं, फेटा भाड्याने आणायचा, काजळाच्या मिशा काढायच्या, आणि लाकडी बैलाला बेगड, लेस, मोती, वर एलईडीची माळ. गेल्या वर्षी एका बैलाच्या झुलीवर थर्माकोलच्या अक्षरांत 'शेतकरी वाचवा' असं लिहिलं होतं आणि तो बैल ओढणारा मुलगा बापाच्या खांद्यावर गाढ झोपला होता. बैल बापच ओढत होता. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं.

तान्हा पोळा माझा लाडका सण आहे, म्हणूनच ही कुरकुर. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. श्रावण अमावस्येला मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैलांचा, लहान मुलांचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तो सुरू केला, असं इथे सांगितलं जातं. मोठ्या पोळ्यात गडीमाणूस सजवलेली जोडी घेऊन घरोघरी जातो, घरची बाई बैलांचे पाय धुते, ओवाळते, नैवेद्य चारते आणि गड्याच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे पैसे, कधी धान्य, कधी कापड. दुसऱ्या दिवशी तेच सगळं मुलं करतात, चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत. मोठ्यांचं काम स्वतः करून बघायची मुलांना केवढी हौस असते, हे त्या राजाला बरोबर कळलं होतं.

पण हे नक्कल करणं झालं. नक्कल करायची तर मुलाने मूळ बघितलेलं असावं लागतं. आमच्या गटावरच्या मुलांपैकी बहुतेकांनी मोठा पोळा बघितलेला नाही, औताला जुंपलेला बैल तर नाहीच. मूळ गळालं आणि दोरी, मिशा नि बक्षीस तेवढं उरलं. कृतज्ञतेचा सण म्हणून आपण व्यासपीठावरून ज्याचं कौतुक करतो, त्यात मुलं करतात काय? नटतात, फिरतात, पैसे गोळा करतात. देणं कुठेच नाही, घेणंच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की लहान मुलांना कृतज्ञता बोलायला शिकवू नये, करायला द्यावी. आणि पोळ्यात ती करण्याची सगळी सोय आधीपासून आहे. फक्त ती तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नाही, त्याच्या दोन दिवस आधी सुरू होते.

माझं माहेर आर्वी तालुक्यातलं. भाऊ शेती करतो. कपाशी, तूर, सोयाबीन. नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरवर होते, पण कपाशी गुडघ्याला लागली की डवरणीला, म्हणजे कोळपणीला, अजून बैलच बरे, असं त्याचं मत आहे, म्हणून एक जोडी ठेवली आहे. गवळाऊ बैल, पांढरेशुभ्र, हलक्या बांध्याचे, चालायला चपळ. वर्धा-नागपूर भागाची ही आपली जात. जमेल त्या वर्षी मी दोन्ही मुलांना घेऊन पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथे पोचते. पोळ्याच्या दिवशी पोचलं तर अर्धा सण हुकतो.

आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैल घरी येतात, दावणीला बांधले जातात. चुलीवर पाणी तापवतात. हळद आणि लोणी (घरी लोणी नसलं तर तूप) एका वाटीत कालवतात. गरम पाण्याने बैलाचा खांदा शेकायचा, मग पळसाच्या पानाने हळद-लोणी चोळायचं, वशिंडाच्या पुढे, जिथे जू बसतं तिथे. हे सगळं करून बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.

थोरला सात वर्षांचा आहे. मामाने त्याच्या हातात पळसाचं पान दिलं आणि बैलाच्या खांद्यावर त्याचा हात धरून नेला. खांद्यावर एक जागा आहे, तळहाताएवढी, तिथे केस नाहीत. कातडी काळपट, जाड, टायरसारखी. बाकीचा बैल मखमली आणि मध्येच हा घट्टा.

"मामा, हे काय झालं त्याला?"

"जू बसते ना तिथं."

"दुखतं का?"

"आता नाही दुखत त्याले. नवा होता तवा दुखलं असन."

पोराने पान टाकून दिलं आणि बोटांनीच लोणी चोळायला सुरुवात केली. तोंडाची टकळी चालूच होती. दुसऱ्या बैलाचा घट्टा मोठा की याचा, जू किती किलोचं, ते मऊ का नाही करत, खाली फोम का नाही लावत. धाकटी चार वर्षांची. तिला बैलाच्या शिंगांची धास्ती. तिने शेपटीच्या बाजूने, भिंतीला चिकटून, आवतण दिलं. बैलाने शेपूट हलवली, ती हिला होकार वाटली. चाललं.

'शेतकरी वाचवा' या दोन शब्दांपेक्षा त्या घट्ट्याने माझ्या मुलाला जास्त सांगितलं, असं मी खात्रीने म्हणते. आपण घातलेला कापसाचा सदरा, ताटातलं वरण आणि हा टायरसारखा चामड्याचा तुकडा यांचा काही संबंध आहे हे त्याला बोटांनी कळलं. डोक्याने कळायला वेळ आहे अजून.

दुसऱ्या दिवशीच्या रीतीही सगळ्या अशाच, हाताने करायच्या. सकाळी बैल धुवायचे, शिंगं घासून हिंगूळ लावायचा, अंगावर गेरूचे ठिपके द्यायचे, नवी वेसण, नवे कासरे, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. दाराशी पळसाच्या फांद्या रोवायच्या. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू द्यायचं नाही, अंगाला तुतारी, म्हणजे टोचायची काठी, लावायची नाही. दुपार कलली की गावातल्या सगळ्या जोड्या आंब्याच्या तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात, पूजा होते आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. मग घरी नैवेद्य. पुरणपोळी आधी बैल खातात, मग माणसं. मुलांनी हा क्रम डोळ्याने बघणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. घरात सकाळपासून पुरणाचा वास सुटलेला, पोटात कावळे ओरडताहेत, ताट वाढून तयार आहे आणि ते ताट गोठ्याकडे चाललंय. धाकटीने त्यावर भोकाड पसरलं होतं. पसरू दिलं. बैलाने पोळी खाल्ल्यावर तिला पोळी मिळाली. ती जे शिकली ते रडत शिकली, पण शिकली.

आता शाळेचं सांगते. मुलांच्या शाळेत वर्षातून एकदा 'आभाराचं झाड' लावतात. कागदी पानांवर मुलांनी आपण कोणाचे आभारी आहोत ते लिहायचं, पानं फळ्यावरच्या झाडाला चिकटवायची. थोरल्याने लिहिलं होतं, 'पृथ्वी, सैनिक, शेतकरी, शाळा'. बाईंनी फळ्यावर जे लिहिलं असणार तेच, त्याच क्रमाने. धाकटीला लिहिता येत नाही म्हणून तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, टॅब. निदान ती खरं बोलली.

ही आभाराच्या याद्यांची पद्धत अमेरिकेतल्या मानसशास्त्रातून आलेली आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोघांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने आठवड्यातल्या आभार मानण्यासारख्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्या गटाने कटकटी लिहायच्या. आभार लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल अधिक बरं वाटत होतं, असं दिसलं. प्रयोग चांगला आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण त्या याद्या लिहिणारी कॉलेजात जाणारी मुलंमुली होती, गेल्या आठवड्यात काय काय झालं ते आठवू शकणारी, त्यातलं आपलं काय नि दुसऱ्याने केलेलं काय हे वेगळं काढू शकणारी. चार वर्षांच्या पोरीला मागच्या रविवारचंच धड आठवत नाही. पाणी नळातून येतं आणि जेवण आईकडून, इथे तिचा विचार थांबतो, थांबणारच. तिला यादी कसली करायला सांगता?

'थँक यू म्हण काकांना' हेही तसंच. शिष्टाचार म्हणून ठीक आहे, मीही म्हणायला लावते. पण मूल थँक यू म्हणतं तेव्हा त्याची नजर हातातल्या चॉकलेटवर असते, काकांवर नसते. बैलाच्या खांद्याला लोणी चोळताना मात्र नजर बैलावरच ठेवावी लागते, नाहीतर पायावर खूर पडतो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की बाई गावाकडच्या आठवणींत रमल्या. तर थांबा. मुलांना खऱ्या बैलाजवळ नेलं की प्रश्न येतात आणि ते प्रश्न गोड नसतात.

पहिला प्रश्न आला वेसणीचा. त्याच्या नाकाला भोक का पाडलं? दुसरा, त्या काठीला खिळा कशाला? (तुतारीच्या टोकाला बारीक आर असते.) तिसरा, बैलाला काम आवडतं का? त्याला कोणी विचारलं होतं का? बैल आणि वळू यांत फरक काय, हे अजून कोणी विचारलेलं नाही, देवाची कृपा. मला या प्रश्नांची सारवासारव करायची नव्हती आणि भावालाही नव्हती. तो सरळ म्हणाला, भोक पाडलं नाही तर एवढं मोठं जनावर आपलं ऐकत नाही. टोचलं तर लागते. विचारलं कोणीच नाही.

पोळ्याच्या भाषणांत बैल हा शेतकऱ्याचा मित्र, सखा, घरातला माणूस असतो. वर्षभर ज्याला टोचून चालवलं त्याला एक दिवस पुरणपोळी, असा हिशेबही कोणी मांडू शकेल, आणि तो अगदीच खोटा नाही. पण मला वाटतं सणाला हे ठाऊक आहे. म्हणून तर त्या दिवशी तुतारी वर्ज्य असते, म्हणून तर नेमका जू बसतं तोच खांदा शेकायचा असतो; पाठ नाही, पाय नाहीत. ज्याने आपल्यासाठी सोसलं त्याला आपणच सोसायला लावलं, हे मान्य करूनच हा सण सुरू होतो. मुलांना तो अर्धा भाग वगळून सांगितला तर उरतं ते कार्टूनमधलं हसरं जनावर.

सगळ्यांत अवघड प्रश्न होता म्हातारपणाचा. आधीची जोडी कुठे गेली? मुलाने तिचे फोटो बघितले होते, नावं त्याला पाठ होती. मामा म्हणाला, इकली. कोणाला? बाजारात. मग त्यांचं काय झालं? मामाने खांदे उडवले. मुलगा संध्याकाळभर मामाशी बोलला नाही, त्याच्या मांडीवर बसला नाही, मामाने आणलेलं चॉकलेटही घेतलं नाही. भावाला वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, वाटू दे. खोटं सांगितलं असतंस तर दहा वर्षांनी कळलंच असतं. मोठ्यांनाही याचं उत्तर सापडलेलं नाही. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल कापायला बंदी आहे. पण काम न करणारा बैल पोसायचा कोणी आणि कशाच्या जोरावर, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कायद्याने सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरी म्हातारे बैल शेवटपर्यंत दावणीला राहतात अशी घरं मी बघितली आहेत. ती फार थोडी आहेत, आणि त्यांच्याकडे चारा असतो.

गड्याचंही तेच. माझ्या लहानपणी आमच्याकडे सालदार असे. पोळ्याला त्याला नवं धोतर-बंडी मिळायची आणि त्या दिवशी त्याचं पान घरच्यांच्या पंगतीत मांडलं जायचं. बाबा स्वतः त्याला आग्रह करून वाढत. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. थोडी मोठी झाले तेव्हा लक्षात आलं की एरवी वर्षभर तो ओसरीवर जेवतो, त्याची थाळी वेगळी असते आणि ती त्याची तोच घासतो. पंगत त्याला एका दिवसापुरती होती. म्हणून 'जुन्या काळी बघा कशी माणुसकी होती' असलं मी मुलांना सांगत नाही.

आणि म्हणूनच शहरात निघालेली एक नवी टूम मला खटकते. आपल्याकडे बैल नाहीत, तर पोळ्याला आपल्यासाठी राबणाऱ्यांचा सत्कार करू, वॉचमन, सफाईवाल्या ताई, लिफ्टवाले काका यांना ओवाळू. हेतू चांगला आहे. पण ज्या दिवशी बैलाला ओवाळतात त्या दिवशी माणसाला ओवाळलं तर त्याला काय वाटेल, याचा विचार कोणी केला आहे का? वॉचमनकाकांना बैलाच्या जागी बसवू नका. त्यांना वेळेवर पगार, हक्काची साप्ताहिक सुट्टी आणि बसायला पाठ असलेली खुर्ची द्या. तेही पोळ्याची वाट न बघता.

मग फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी करायचं काय? बैल कमी होत चालले आहेत यात शंका नाही. पशुगणनेचे आकडे बघा. २०१२ मध्ये देशात गाय-बैलांपैकी नर सुमारे ६.८ कोटी होते, २०१९ मध्ये ते सुमारे ४.७ कोटींवर आले. सात वर्षांत जवळपास तीस टक्के घट. ट्रॅक्टर आले, तणनाशक आलं म्हणून डवरणी कमी झाली, चारा महागला, जोडीची किंमत लाखाच्या घरात गेली, गडी मिळेना. भावाच्या गावात तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या दर वर्षी कमी होताहेत. मुलांची मुलं बैल बघतील की नाही, सांगता येत नाही. पण दर घरी दावणीला बैल हवाच अशी अट पोळ्याने कधीच घातलेली नव्हती. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते मातीचे बैल करून पाटावर पूजतात, ही पद्धत महाराष्ट्रभर आहे. गुरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा काही जिल्ह्यांत सामूहिक पोळे भरलेच नाहीत, लोकांनी गोठ्यात, घरात पूजा केली. सण घरातही मावतो.

गावी जाणं होत नाही त्या वर्षी आम्ही घरी बैल करतो. लाकडी बैल विकत आणायला माझी ना नाही. पोळ्याच्या आधी नागपुरात रस्त्याकडेला ओळीने मांडलेले लाकडी बैल बघण्यासारखे असतात, मुठीएवढ्यापासून मुलाच्या उंचीपर्यंतचे. आमच्याकडचा माझ्या नवऱ्याचा लहानपणीचा आहे, एक कान तुटका, आणि तो बदलायचा नाही असं ठरलेलं आहे. पण मातीचा बैल मुलांनीच करायचा. भाऊ शेतातली काळी माती पोत्यात भरून देतो. ही माती वाळताना फाटते, म्हणून तिच्यात कापूस पिंजून घालायचा, मूर्तिकार घालतात तसा. पोट आणि पाय जमतात. वशिंड जमतं. शिंगं गळून पडतात, हमखास. मग तुराटीच्या काड्या मोडून आत खुपसायच्या आणि त्यावर माती थापायची. डोळ्यांना तुरीचे दाणे. पहिल्यांदा धाकटीने केला तो बैल कमी आणि पाल जास्त दिसत होता. तिने त्याला पाच पाय दिले. पाचवा कशाला, विचारलं तर म्हणाली, दमला की टेकायला.

मग आदल्या संध्याकाळी त्याचीच खांदशेकणी. मातीच्या बैलाला गरम पाणी लावलं तर तो विरघळेल, त्यामुळे हळद-लोण्याचं बोट. आवतण. दुसऱ्या दिवशी नैवेद्य आधी त्याला, आपण नंतर. फ्लॅटमध्ये हा क्रम पाळणं गावापेक्षा कठीण आहे, कारण मातीचा बैल खात नाही आणि मुलांना ते माहीत आहे. थोरल्याने विचारलंच, तो खाणार नाही तर थांबायचं कशाला? मी म्हटलं, खरा बैल आत्ता आर्वीला जेवतोय, मामाला फोन लाव. व्हिडिओ कॉल लावला. गोठ्यात अंधार, मोबाइल हलतोय, काही नीट दिसत नाही, फक्त चघळण्याचा आवाज. बैलांचं जेवण झालं, मग आमची पानं पडली. ज्यांच्या घरून असा फोन लावायची सोय नाही त्यांनी आसपास चौकशी करावी. नागपूरच्या वेशीबाहेर अर्धा-पाऊण तास गेलं की बैल असलेलं शेत अजून सापडतं. आपण मुलांना प्राणिसंग्रहालयात नेतोच, वाघ दिसावा म्हणून पेंचच्या जंगलात पहाटे नेतो. ज्याच्या जिवावर आपण इथवर आलो ते जनावर बघायला एक सकाळ काढायला हरकत नसावी.

बोजाऱ्याबद्दलही माझं एक मत आहे. मुलांना बोजारा मिळावा. तेवढी गंमत हवी, तिच्याशिवाय सण कसला. पण आमच्याकडे नियम असा की खांदशेकणी केलेल्यालाच बोजारा. गड्याला बोजारा मिळत होता तो वर्षभर बैलांचं केलं म्हणून, बैल मिरवला म्हणून नव्हे. आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी विचारते, काल बैलाला काय खाऊ घातलं? पोरं गडबडतात. एकाने सांगितलं, मॅगी. त्याला दहाऐवजी वीस रुपये दिले, कारण त्याने खरोखर घातली होती. बैलाच्या तोंडाला मसाला लागलेला होता.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इकडे जुन्या नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी, सोबत बडग्यांचे पुतळे. वर्षभराची इडापिडा तिच्यासोबत शहराबाहेर न्यायची आणि जाळून टाकायची. मुलांना लाकडी बैलापेक्षा हेच जास्त आवडतं, हे कबूल करायला हवं. सकाळी नको ते हाकलायचं आणि दुपारी हवं त्याला ओवाळायचं, असा भरगच्च दिवस दुसऱ्या कुठल्या शहराला आहे मला माहीत नाही. मात्र त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

राहता राहिलं स्वयंपाकघर. बैलाच्या विश्रांतीच्या या सणाला घरातल्या बाईच्या मानेवर सकाळी पाचपासून जू असतं, हे माझ्या आईच्या, आजीच्या काळापासून चालत आलं आहे. डाळ शिजवा, पुरण वाटा, कणीक तिंबा, पोळ्या लाटा, भजी तळा, कढी करा. आणि जेवायचा क्रम बैल, देव, पुरुष, मुलं, शेवटी त्या. त्यात तीच अमावस्या पिठोरीची, म्हणजे कित्येकींना उपास. गेल्या वर्षी थोरल्याने पानावर बसल्या बसल्या विचारलं, आई, तुझा खांदा कोण शेकणार? नवऱ्याला ठसका लागला. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, विचार ना तुझ्या बाबाले, आमी तर कधी विचारलं नाही.

यंदा पुरण नवरा वाटणार आहे. मिक्सरमधून नाही, सासूबाईंच्या पितळी पुरणयंत्रातून, तसं त्याने मुलांसमोर कबूल केलं आहे. पोळ्या त्याला जमणार नाहीत, त्या मी लाटीन. भजी तळायला दीर येतो म्हणाला आहे. येतो का ते बघू.